दीपमालाच्या दोन डब्या

…आणि ती छत्री पडली ती नेमकी गोमाजीच्या डोक्यावर. पावसाची छत्री नव्हे. फोटो स्टुडिओत लाइटीसमोर लोखंडी स्टँडवर पांढरी छत्री उघडून ठेवतात, ती. गोमाजी नवी टोपी घालून स्टुलावर बसला होता, बाजूला त्याची बायको रुखमा. जोडीचा फोटो भिंतीवर लावायचा होता. दीपमाला कॅमेरा घेऊन समोरून उजवीकडे सरकली, तिथून आणखी पुढे सरकली, कॅमेऱ्यापासून लाइटीपर्यंत गेलेली वायर ताणली आणि स्टँड आला खाली. लाइट दीपमालाने धावत जाऊन झेलली. गोमाजीला कोणी झेललं नाही. छत्रीच्या आतून त्याचा आवाज आला, "फोटो निंगाला का वं?"

रुखमा हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होती.

इथपर्यंत काल सांगून झालं होतं. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी दीपमाला कोण ते आधी सांगून घेतो, नाहीतर गोमाजीच लक्षात राहायचा, आणि त्याला तेच पाहिजे असतं.

दीपमाला म्हणजे परसरामची मोठी पोरगी. परसराम शाळेत शिपाई. माणूस बोलायला मोजका, हाताने मात्र घंटा अशी वाजवणार की बैलं दचकावीत. तिची आई लीलाबाई भात रोवण्याच्या टोळीची पुढारीण; तिची हाक बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, या पाळीवरून त्या पाळीवर जाते. अशा एका जागी रुजलेल्या दोन माणसांच्या पोटी ही पोरगी आली, पायाला भिंगरी बांधून.

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा शाळेतल्या लोकांच्या बदल्या तिकडे होणार अशी हूल उठली होती. घरात सारे घाबरले. दीपमाला तेवढी खूश. लहान होती. रोज सकाळी फ्रॉक आणि पाटी पिशवीत भरून दारात उभी. "बाबा, आज जाचं का?" रोज तेच. शेवटी कळलं की बदली-बिदली काही नाही. लीलाबाई विहारात मेणबत्ती लावून आली, आणि ही पोरगी पिशवी रिकामी करताना ढसाढसा रडली. लीलाबाई अजून सांगते, "लोकाइच्या पोरी सासरी जाताना रडतात. माही पोट्टी घरी राहा लागलं म्हून रडली."

पुढेही तीच गत. भंडाऱ्याला नर्सिंगला घातली, तर वर्ष काढलं नाही. म्हणाली, "एका खाटेजवळ बसून राहाचं काम मले होत नाही." पवनीला शिवणक्लास लावला. हात चांगला होता, पण पाय चालतात आणि आपण तिथंच राहतो, हे काही तिला पटेना. मग नागपूरला एका फोटो स्टुडिओत अल्बम लावायच्या कामाला लागली, आणि तिथं मात्र टिकली. तिथला म्हातारा मालक तिला लग्नांना सोबत न्यायचा, आणि लग्नात फोटोवाल्याला बसा कोणी म्हणत नाही. म्हाताऱ्याने धंदा आवरला तेव्हा दोन जुन्या लाइटी, दोन स्टँड, छत्री आणि मागचा निळा पडदा तिला स्वस्तात दिला. कॅमेरा तिने आधीच घेतला होता. सारं टेम्पोत टाकून पोरगी आपल्या गावी, कोंढ्यात, परत आली, आणि बसथांब्यासमोर धनीरामच्या खोलीवर तिची पाटी लागली.

गाव म्हणालं, टिकली तर दिवाळीपर्यंत.

धनीराम वाईट माणूस नाही. भाडं त्याला वेळेवर मिळत होतं. त्याचं दुखणं निराळं. एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "दुकान म्हंजे बसाचं काम आहे बाई. आन् तू तं बसतच नाही. गिऱ्हाईक येते तं तू पानठेल्यावर, नाही तं वेल्डिंगवाल्याकडे, नाही तं रोडवर. तो कृषी केंद्रवाला खोली मागून राहिला. दिवसभर खुर्चीवर बसन म्हणते."

"काका, मी गेली नाही ना कुठी."

"आज नाही गेली. उद्याचं कोण सांगावं? तुहा आजवर कुठी पाय टिकला, सांग बरं. हे पाहा, पोळ्यापर्यंत थांबतो. दुकान दुकानासारकं दिसलं तं ठीक. नाही तं दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा झाला का खोली खाली कर."

तेव्हापासून दीपमालाची भिंगरी आणखी जोरात फिरायला लागली. झाडून काढलेली खोली पुन्हा झाडायची. स्टँड इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. दाराशी जायची, रस्त्याकडे पाहायची, परत यायची. तिला पाहून पाहून समोरच्या पानठेलेवाल्याची मान दुखायला लागली.

आता तिचा फोटो काढायचा ढंग सांगतो, म्हणजे त्या वायरीचं दुःख कळेल. बाकी फोटोवाले म्हणतात, हनुवटी वर, डोळे इकडे, हसा. दीपमाला असं काहीच म्हणत नाही. माणसाला बसवते आणि त्याच्या भोवती फिरायला लागते. फिरता फिरता विचारते, यंदा भाताचे परे कसे आले? सून माहेरून आली का? तो गोऱ्हा विकला का ठेवला? माणूस उत्तर देत तिच्याकडे वळत राहतो, कॅमेरा विसरतो, आणि तो विसरला की ही बटण दाबते. बाहेर अंगणात काढलेले तिचे फोटो असे जिवंत, की पाहणाऱ्याला वाटावं आता हा माणूस तंबाखू मागेल.

पण स्टुडिओत लाइट लागते, आणि लाइटीला वायर. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की वायरीतून लाइटीला निरोप जातो आणि लाइट भडकते. निरोप वायरीत अडकलेला, म्हणून फोटोवालाही दाव्याला बांधलेल्या गाईसारखा. दोन पावलं गेलं की दावं ताणलं. मग तिला एका जागी उभं राहावं लागे, आणि ती उभी राहिली की समोरचा माणूसही लाकडाचा होई. गोमाजीच्या डोक्यावर छत्री पडली त्या दिवशी तिने ती वायर गुंडाळून खुंटीला टांगली. "आता हे नाही," म्हणाली.

लाइटीला एक डोळाही होता, तो फुकटचा. समोर दुसरी लाइट चमकलेली दिसली की हा डोळा आपली लाइट पेटवतो. कॅमेऱ्यावरच्या लहान फ्लॅशने इशारा करायचा, की काम झालं. पण त्या लहान फ्लॅशने तोंड थापलेल्या भाकरीसारखं सपाट दिसे. आणि दुसरी पंचाईत अशी, की बाजूच्या खोलीत इश्वरचं वेल्डिंग, मधली भिंत छपराच्या टिनांपर्यंत पोचलेली नाही. इश्वरने रॉड टेकवला की इकडे स्टुडिओत वीज कडाडली. गिऱ्हाईक दचकून उठे. त्यात कोणी मोबाइलने फोटो काढला की पुन्हा लख्ख, आणि दीपमाला बटण दाबेपर्यंत लाइट दम घेत बसलेली.

"माही लाइट आहे का गावजेवणाची पंगत आहे?" ती इश्वरवर ओरडली. "कोणीबी हाक मारली का उठते!"

"मंग तिले शिकव ना कोणाची हाक ऐकाची ते," इश्वर भिंतीपलीकडून म्हणाला.

तो चेष्टेने म्हणाला, पण पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नागपूरला.

सीताबर्डीवरच्या दुकानदाराची म्हाताऱ्या मालकामुळे ओळख होती. त्याने काउंटरवर डब्यांच्या जोड्या मांडल्या. ट्रिगर म्हणतात त्याला. एक डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर, एक लाइटीला. बटण दाबलं की ही डबी त्या डबीला हवेतून निरोप देते. मध्ये वायर नाही, आणि डोळ्याने पाहायचंही काम नाही. एक जोडी बड्या कंपनीची होती. किंमत ऐकून दीपमालाने ती दोन्ही हातांनी परत काचेत ठेवली. तेवढ्यात दुभती म्हैस येते. उरल्या दोन. एक अगदी स्वस्त, काडीएवढी वाकडी शेपटी असलेली, अंगावर चार खटके. दुसरी तिच्याहून थोडी महाग, बिनशेपटीची. दुकानदाराने एक गोष्ट बजावून सांगितली. जुन्या लाइटीचा झटका कधी उलटा वायरीतून येऊन कॅमेराच मारून टाकतो, मध्ये डबी असली की कॅमेरा वाचतो. तेव्हा कोणतीही घे, पण घे. दोन्ही घेऊन जा, पाहून एक परत कर. खरचटलेली मात्र घेणार नाही.

गाडीत उमरेडपासून भिवापूरपर्यंत तिने त्या डब्या काढल्या, पाहिल्या, ठेवल्या, पुन्हा काढल्या. शेजारच्या बाईने शेवटी विचारलं, "बाई, औषध हाये का त्यात?"

आता कोणती ठेवायची? इथं गावाने अक्कल लावली, आणि गावाने अक्कल लावली की काय होतं ते ऐका. गोमाजी म्हणाला, "हे पाय, रेडिओ घेताना आपन काय पाहातो? लांबचं टेसन लागते का. मोबाइल घेताना? शेतात रेंज भेटते का. मंग हेबी तसंच. जो दूरची हाक ऐकते, तो जवळची ऐकनच." साऱ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. एवढं सरळ असताना त्यात विचारायचं काय?

रोवण्याचे दिवस होते. स्टुडिओच्या मागच्या खिडकीतून थेट भाताच्या बांध्या दिसतात, दूर बोडीच्या पाळीपर्यंत. आत लाइट लावून ठेवली. टिनाच्या खोलीत निरोप अडेल म्हणून लाइटीची डबी, तिला लाइटीशी जोडणाऱ्या वायरीवर, खिडकीतून बाहेर सोडली. लाइट पेटली हे शेतात कसं कळणार? तर परसरामला आत बसवला. शाळेची घंटा आणायला त्याने साफ नकार दिला, सरकारी आहे म्हणून. तेव्हा घरची परात आणि उलथनं दिलं. लाइट पेटली की परातीवर एक ठोका.

दीपमाला कॅमेरा घेऊन धुऱ्याधुऱ्याने निघाली. बांध्यांत वाकलेल्या बायांना काय चाललंय कळेना. दीपमालाने बटण दाबलं. ठण्! बाया उभ्या राहिल्या. आणखी पुढे गेली. ठण्! मग लीलाबाईने हातातले परे तसेच धरून आवाज दिला, "वाजलीऽऽ!" आणि सारी टोळी तिच्यामागे, "वाजलीऽऽ!" प्रत्येक धुऱ्यावर तेच. आधी महागडी, बिनशेपटीची डबी. ती गोमाजीच्या बांधीपर्यंत चालली आणि मुकी झाली. सगळीकडे शांत. मग स्वस्तातली. गोमाजीची बांधी गेली, ठण्. मोहाचं झाड गेलं, ठण्. बोडीच्या पाळीवर चढून तिने बटण दाबलं, सारी टोळी कान देऊन उभी, आणि बारीकसा का होईना, ठण् आलाच. बायांनी असा गलका केला की बोडीतले बगळे उडाले.

"सस्ती हाये, पन कान तिखट हायेत," रुखमा म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी महागडी डबी नागपूरला परत. थांबायचं तर तिच्या रक्तातच नव्हतं.

आणि स्टुडिओत पहिला फोटो काढला रुखमाचा, तर निघाली अर्धी रुखमा. वरचं तोंड लख्ख, खाली काळी पट्टी.

"माहं लुगडं कुठी गेलं वं?"

"काकू, थांबा. डबीचा निरोप उशिरा पोचून राहिला. तवरक कॅमेऱ्यातला पडदा बंद होते."

ते तिने त्याच दिवशी दुरुस्त केलं. कॅमेऱ्याच्या पडद्याचा वेग कमी केला, रुखमा पायापर्यंत परत आली. पण दुसरा रोग काही जाईना. लाइट मनाला येईल तेव्हा पेटे. बोडीच्या पाळीवरून ऐकणारी डबी चार हातांवरून ऐकत नव्हती! दोनदा पेटली की तिसऱ्यांदा नाही. मग सलग नाही. मग उगाच एकदम हो.

त्या दिवसांत तिला पाहवत नव्हतं. सेल बदलले. खटके खालवर करून पाहिले. इश्वरला म्हणाली, तुमचं मशीन बंद करा. त्याने बिचाऱ्याने केलं, तरी तेच. स्टुलावर चढून पाहिलं, जमिनीवर निजून पाहिलं, कॅमेरा उलटा धरून पाहिलं. गिऱ्हाईक हसू धरून बसायचं, आणि हसू धरायलाही काही हद्द असते. ते वाळून जाई. दोघं-तिघं उठून पवनीला गेले फोटो काढायला. जेवताना दीपमाला ताटावरून उठे आणि म्हणे, एक सुचलं, पाहून येते. लीलाबाईने तिच्या भाकरीवर झाकण ठेवून ठेवून कंटाळा केला.

आणि एक दिवस धनीराम कृषी केंद्रवाल्याला घेऊन आला. मोजायची फीत घेऊन. ती एका लेकराचा फोटो काढत होती, तरी दोघांनी निळ्या पडद्यावरून फीत धरली.

"कपाट इथी बसन," कृषी केंद्रवाला म्हणाला, "आन् पोते तिथी."

"भाऊ, जरा बाजूले व्हा, लेकराच्या मांगं तुमी येऊन राहिले," दीपमाला म्हणाली. तिने बटण दाबलं. लाइट तेव्हाही पेटली नाही.

त्याच आठवड्यात आला भैय्यालाल. हा वडशाकडचा, नाटक कंपनी चालवतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की गावोगाव रात्रभर नाटकं, आणि त्याआधी पोस्टरं. पानठेल्यावर दीपमालाने अंगणात काढलेला रुखमाचा एक हसरा फोटो लावलेला होता. भैय्यालाल पान तोंडात तसंच धरून त्याच्यासमोर उभा राहिला. मग रस्ता ओलांडून आला.

"माह्या पोस्टरावर नटनटी राशनकार्डावरच्या सारके दिसतात," म्हणाला. "मले असे पाहिजे का आत्ता भांडून राहिले. पोळ्याच्या आधी एक दिवस घेऊन येतो त्याइले. जमलं तं साऱ्या नाटकाइचे फोटो तुह्याकडे. नाही जमलं तं दुसऱ्या दिवशी नागपूर."

पोरगी हो म्हणून बसली. लीलाबाईने कपाळावर हात मारला. "अवं, डबी आयकत नाही तुही! त्या दिवशीपुरती वायर लाव. खुंटीलेच तं आहे."

"वायर लावली तं नागपूरचाच फोटो निंगन आई. मंग ते माह्याकडे कायले येऊन राहिले?"

 

ठरलेल्या दिवशी कंपनीची गाडी आली. उतरली नटी, जरीच्या शालूत. उतरला खलनायक, चिकटवलेल्या मिशांचा, कमरेला तलवार. पाऊस पडून ऊन पडलेलं, टिनाखाली भट्टी. दारात सारं गाव. धनीराम सगळ्यांच्या पुढे, उंबरठ्यावर.

दीपमालाने दोघांना उभं केलं आणि फिरायला लागली. "तुमी हिचा हात धरला, आन् हिनं झटकला. मंग काय म्हणते हे? म्हणा ना! मोठ्यानं!" नटी खरीच नटी, तिने आवाज चढवला. खलनायकाने डोळे काढले. अंगावर काटा आला पाहणाऱ्यांच्या. दीपमालाने बटण दाबलं.

लाइट गप्प.

"पुन्हा." पुन्हा भांडण, पुन्हा डोळे, पुन्हा गप्प. मग एक पेटली, पण तेव्हा खलनायक मिशी चाचपत होता. लीलाबाई गुणगुणणाऱ्या लाइटीच्या स्टँडजवळ उभी राहून सुपाने नटीला वारा घालत होती. घामाने मिशीचा एक कोपरा सुटला. भैय्यालालने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. धनीरामने मागे वळून कृषी केंद्रवाल्याला शोधलं. तोही आला होताच.

दीपमाला एका जागी थांबली. मी तिला कधी अशी थांबलेली पाहिली नव्हती. नजर खुंटीवरच्या वायरीकडे गेली, आम्ही साऱ्यांनी पाहिलं. मग ती पुन्हा चालायला लागली.

"आणखी एकदा," म्हणाली. "आन् भाऊ, आता तुमाले खरंच राग आला पाह्यजे. कवापासून घामात उभं करून ठेवलं मी तुमाले. माह्यावर काढा."

खलनायकाला खरंच राग आला होता. त्याने असा हात फेकला की तो स्टँडला लागला. लाइटीच्या अंगाला चिकटपट्टीने चिकटवलेली डबी सुटली आणि आपल्या वायरीवर खाली लोंबकळायला लागली. त्याच क्षणी दीपमालाने बटण दाबलं.

लख्ख!

पुन्हा दाबलं. लख्ख. आणखी, आणखी, आणखी. नटी भांडण विसरून लाइटीकडे पाहायला लागली. दीपमालाने कॅमेरा खाली केला, डबी उचलून लाइटीच्या अंगाला लावली, दाबलं: गप्प. सोडली, लोंबू दिली, दाबलं: लख्ख. आणि ती मटकन खाली बसून हसायला लागली. धनीरामच्या खोलीत तिला बसलेली मी पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा.

"काय झालं गा?" गोमाजी मागून विचारत होता. "कोणी सांगा ना!"

लीलाबाईने सांगितलं. "राइस मिलमंधी उभ्या माणसाले बाजूच्याची हाक आयकू येते का? नाही येत. रोडवरच्याले येते. ही लाइट आपल्या पोटात गुणगुण करते, अन् हे डबी तिच्या पोटाले चिकटून बसली होती. आयकन कशी?"

शेतातून मोजलं तेव्हा डबी खिडकीबाहेर लोंबत होती ना, लाइटीपासून दूर! म्हणून बोडीच्या पाळीवरून हाक पोचली. निरोप किती लांबून येतो हे आम्ही साऱ्यांनी मोजलं, परातीसकट मोजलं. ऐकणारा कोणाच्या मांडीवर बसला आहे, हे कोणी पाहिलंच नाही. बगळे उडाले तेव्हा किती शहाणे वाटलो होतो आम्ही!

मग मात्र दीपमाला फिरली. समोरून, बाजूने, स्टुलावरून, पडद्याच्या आडून. नटीला रडवलं, हसवलं, तलवार तिच्याच हातात दिली. दहा-वीसांत एखाद्या वेळी लाइट अजूनही चुके, स्वस्तातली डबी ती, तेवढा नखरा करणारच. चुकली की दीपमाला म्हणे, "हे माही चूक, तुमची नाही," आणि खलनायक पुन्हा मिशी दाबून तयार. ऊन उतरेपर्यंत चाललं. दारात इतकी माणसं, की रस्त्यावर गाडीला हॉर्न वाजवावा लागला. धनीराम उंबरठ्यावरून हलला नाही. कृषी केंद्रवाला त्याला काही विचारत होता, तर म्हणाला, "थांब ना गा, पाहू दे."

पोळा झाला, तान्हा पोळा झाला, खोली खाली करा असं कोणी म्हणालं नाही. दीपमालाने विचारलं नाही आणि धनीरामने सांगितलं नाही. पण दोघांच्या मनात ते होतंच. धनीराम रोज एक चक्कर टाके, कुलूप आहे का पाहायला. कुलूप नसे, दीपमालाही नसे. समोर पानठेल्यावर कोणाशी तरी बोलत असे. तो मान हलवून निघून जाई.

मग पोस्टर छापून आलं. भैय्यालाल स्वतः घेऊन आला, आणि स्टुडिओच्या बाहेरच्या भिंतीवर त्याने ते स्वतःच्या हाताने चिकटवलं. लोक जमले. गोमाजीने पोस्टरातल्या खलनायकाला दोन शिव्या दिल्या, इतका तो खरा दिसत होता. भैय्यालाल खूश. दीपमालाच्या खांद्यावर हात ठेवून साऱ्यांसमोर म्हणाला, "पोरी, चाल माह्या कंपनीसोबत. पूर्ण सिझन. रोज नवं गाव, रोज नवा मंडप. नाटक चालू असताना फोटो काढ, सकाळी उठलं का गाडी पुढे. तुह्यासारकीले या डब्याएवढ्या खोलीत काय ठेवलं आहे?"

परसराम कधी नव्हे तो लेकीकडे डोळे लावून उभा. लीलाबाईने पदर तोंडाला लावला. धनीराम हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "पाहा, म्हणलं नव्हतं?" म्हणाला खरं, पण जिंकलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो.

दीपमाला पोस्टरासमोरून इकडे गेली, तिकडे गेली. चिकटवताना एका कोपऱ्याला चुणी राहिली होती, ती तिने तळहाताने सारखी केली. मग वळून बोलली. ती जे बोलली ते मी शब्दाचा फेरफार न करता सांगतो:

"भाऊ, मी एका जागी राहात नाही हे खरं आहे, साऱ्या गावाले मालूम आहे. पण फिराले खूप मोठी जागाच लागते असं कोणं सांगतलं? धनीरामकाकाची खोली केवढीशी, पण माहं फिरणं अजून तिच्यात सरलं नाही. सरलं का मीच येऊन सांगीन काकाले, त्याइले रोज पाहा लागणार नाही. तवरक तुमी पुढच्या नाटकाची नटी पाठवा. आन् तिले म्हणा, जेवून येजो. उपाशी माणसाले भांडता येते, पण फोटो चांगला निंगत नाही."